नोटेच्या जाडीचं झाकण

आमच्या घरात ‘ब्लेड’ हा शब्द डोळ्यांच्या संदर्भात पहिल्यांदा निघाला तो रात्रीच्या जेवणात, आणि भावोजींनी उचललेला घास तसाच ताटात परत ठेवला.

“ब्लेड? डोळ्याला?”

“बाबा, म्हणून तर चष्मा घालवायचं ऑपरेशन ब्लेडलेस करू म्हणतेय ना,” भाची म्हणाली.

“म्हणजे साध्या ऑपरेशनात ब्लेड असतं?”

“असतं.”

“आणि लेझर?”

“तेही असतं.”

“मग आजवर लोक लेझर लेझर म्हणत होते ते काय?” भावोजींना फसवल्यासारखं वाटत होतं. ताईने वरण वाढायला घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. तू बोल, असा त्याचा अर्थ.

मी बोलायचं कारण असं की मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. सोळा वर्षं झाली. दिवसभर मायक्रोमीटर, स्लिप गेज, डायल, आणि मशिनवरून उतरलेला गरम जॉब गार होईपर्यंतची वाट बघणं. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, आणि दहा मायक्रॉनवरून माझी मशिन शॉपवाल्यांशी रोज भांडणं होतात. त्यामुळे पात्याची मला भीती नाही, उलट आदरच आहे. धार असलेल्या पात्याइतकं सज्जन काही नसतं. त्रास देतं ते बोथट. पण हे जेवताना सांगून उपयोग नव्हता. ज्या गावाचं नावच कापलेल्या नाकावरून पडलं म्हणतात, त्या गावातला माणूस पात्याला बिचकला तर त्याला तरी काय बोलणार!

भाचीचा नंबर सव्वातीन. माझा साडेसात. दोघींचे मायनस. ती तेवीस वर्षांची, मी अडतीसची. तिला चष्मा नकोसा झाला तो सायकलमुळे. पहाटे गंगापूर धरणाकडे जाताना काचांवर धुकं धरतं. माझं कारण जुनं आहे. कॉलेजात असताना रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या हौदात, धप्पा मारला आणि वर आले ती चष्म्याशिवाय. त्या पिवळ्या पाण्यात काचा शोधणार कोण? भावाचा हात धरून घरी आले. तेव्हापासून डोक्यात होतं, कधीतरी ऑपरेशन करायचं. ‘कधीतरी’चीच अठरा वर्षं झाली.

आधी आम्ही एका ठिकाणी चौकशीला गेलो. डॉक्टर भेटायच्या आधी कौन्सेलर भेटली. तिच्यापुढे लॅमिनेट केलेलं कार्ड होतं, त्यावर तीन पॅकेजं, चांदी-सोनं-प्लॅटिनम छापाची. “मॅडम, ब्लेडवालं आता आउटडेटेड झालं,” ती म्हणाली. मी विचारलं, फ्लॅपची, म्हणजे डोळ्यावर कापतात त्या पातळ झाकणाची, जाडी किती येते तुमच्याकडे? दोन्ही पद्धतींत वरखाली किती होते? ती गोड हसली आणि ईएमआयचा कागद पुढे सरकवला. साधं आणि ब्लेडलेस यांच्यात चाळीसेक हजारांचा फरक, पण त्या चाळीस हजारांत काय विकत मिळतं हे कोणी सांगेना. मी पुण्या-मुंबईहून आलेल्या मशिनच्या सेल्समनला रोज तोंड देते. हे तेच होतं, फक्त एसी जास्त थंड होता.

दुसरे डॉक्टर कॅनडा कॉर्नरच्या बाजूचे. वयाने पन्नाशीपुढचे, बोलायला कमी. त्यांच्याकडे दोन्ही सोयी होत्या, म्हणून कुठलीही एक खपवायची घाई नव्हती. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि समजावलं ते असं.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरासा वर. नंबर काढायचा म्हणजे या पडद्याचा बाक बदलायचा, आणि त्यासाठी आतलं थोडं मटेरियल घासून काढायचं. हे घासकाम करतं ते एक्सायमर लेझर. पण ते वरच्या सालीवर करायचं नाही, आतल्या थरात करायचं. म्हणून आधी वरून एक पातळ झाकण कापून उघडायचं, एका बाजूला बिजागरी ठेवून. मग लेझर मारायचं आणि झाकण परत मिटवायचं. टाका नाही. याचं नाव लॅसिक.

“वाद फक्त झाकण कशाने कापायचं याचा आहे,” डॉक्टर म्हणाले. “नंबर दोन्हींकडे लेझरच काढतं.”

भावोजींना हे पहिल्यांदा कळलं. खरं सांगायचं तर मलाही. ब्लेडलेस म्हणजे सगळं लेझर, आणि दुसऱ्यात नंबर ब्लेडनेच निघतो, लेझर नुसतं मदतीला, असंच आम्ही धरून चाललो होतो.

हे झाकण केवढं जाड? शंभर, एकशेदहा, एकशेवीस मायक्रॉन. माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. आमच्याकडे प्रेस म्हटलं की नोटांचीच, १९२८ पासूनची. बोटांत नोट फिरवून ‘हा कागद आपला’ म्हणणाऱ्या माणसांत मी वाढले. दुसऱ्या दिवशी कंपनीत चहाच्या सुट्टीत पर्समधली त्यातल्या त्यात कोरी शंभराची नोट मायक्रोमीटरमध्ये धरली. रॅचेटचे तीन टिकटिक ऐकले आणि वाचलं. शंभरच्या अलीकडे-पलीकडे. तेवढंच झाकण. डोळ्यावर ठेवलेली एक नोट, फक्त काचेसारखी आरपार.

आता ही नोट डोळ्यावरून सोलायची कशी?

जुनी रीत मायक्रोकेराटोमची. डोळ्यावर एक कडी बसवतात, हवा ओढून ती घट्ट धरतात, आणि त्या कडीच्या रुळावरून झरझर थरथरणारं पातं पुढे सरकतं. काही सेकंदांचं काम. कडी दाबते तेव्हा डोळ्यातला दाब इतका चढतो की पेशंटच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधार होतो. या यंत्राची मुळं कोलंबियातल्या बोगोटाला सापडतात. होझे बाराकेर नावाच्या डॉक्टरांनी १९४९ मध्ये कॉर्नियाचा आकार बदलून नंबर घालवायची कल्पना मांडली. पुढे ते पेशंटच्या कॉर्नियाची चकती कापून काढत, गोठवत, आणि चक्क लेथवर चढवून टर्न करत. मग परत डोळ्यावर बसवत. लेथवर! हे वाचलं तेव्हा मी कंपनीतल्या टर्नरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, जॉब धरायचा कशात?” प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच तर गोठवत होते.

लेझर आलं ते नंतर, आणि तेही उष्ट्यातून. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीचं हाड आणि कूर्चा त्यांनी दुसऱ्या दिवशी एक्सायमर लेझरखाली धरलं. काप इतका स्वच्छ आला की शेजारचा भाग भाजलाही नव्हता. हा १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण जाळत नाही, रेणूंचे बंध तोडतो. दर ठोक्याला पाव मायक्रॉनच्या आसपास माल उडतो. पाव मायक्रॉन! आमच्या कंपनीत एवढं मोजताही येत नाही, काढायची तर गोष्टच सोडा. पुढे ग्रीसमध्ये क्रीट बेटावर योआनिस पालिकारिस यांनी पात्याचं झाकण आणि हे लेझर एकत्र आणलं.

आणि पात्याची जागा घेणारं दुसरं लेझर आलं अपघातातून. १९९३ साली मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आरसे जुळवताना एका विद्यार्थ्याने गॉगल वर केला आणि फेम्टोसेकंद लेझरचा (ठोके इतके आखूड की सेकंदाच्या अब्जाव्या भागाचेही दहा लाख तुकडे करून मोजावे लागतात) झोत त्याच्या डोळ्यात गेला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरला, रॉन कर्ट्झ यांना, आत जे दिसलं ते पाहून नवल वाटलं: भाजल्याचे इवलेसे ठिपके, पण कडा विलक्षण नेटक्या. हे लेझर कसलं हे बघायला ते प्रयोगशाळेत गेले आणि तिथून पुढचं सगळं घडलं. प्रयोगशाळा जेरार मुरू यांची होती. इतके आखूड आणि इतके ताकदवान ठोके तयार करायची रीत त्यांनी आणि डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये शोधली होती, आणि त्याबद्दल २०१८ चं नोबेल दोघांना मिळालं. फिजिक्सचं नोबेल मिळालेल्या स्ट्रिकलंड तिसऱ्याच बाई. कंपनीत मी एकटीच बाई इन्स्पेक्टर असताना हे मला फार बरं वाटलं होतं. तेव्हा हे लेझर आमच्या घरच्या डोळ्यांपर्यंत येईल असं काही डोक्यात नव्हतं.

एका फेम्टोसेकंदात प्रकाश मायक्रॉनचा तिसरा हिस्सासुद्धा पुढे जात नाही. या मशिनचा एकेक ठोका अशा काहीशे फेम्टोसेकंदांचा. किरण कॉर्नियातून आरपार जातो, वरच्या थराला काही करत नाही, आणि ठरलेल्या खोलीवर नेमका एकवटतो. तिथे बारीक बुडबुडा होतो. असे लाखो बुडबुडे एकाच पातळीत शेजारी शेजारी पेरले की थर आपोआप सुटा होतो. टपाल तिकिटांच्या भोकांसारखं, पण आडवं आणि डोळ्याच्या आत. मग डॉक्टर बोथट हत्याराने झाकण उचलतात. म्हणजे ‘हात लागत नाही’ हेही खरं नाही.

आता क्वालिटीवालीच्या नजरेने. पात्याचं झाकण मध्ये पातळ आणि कडेला जाड येतं. लेझरचं सगळीकडे सारखं, आणि त्याची कड उभी कापता येते, डब्याचं झाकण खाचेत बसावं तशी. पात्याला तुम्ही एकशेतीस सांगितलं तर ते वीस-तीस इकडेतिकडे जाऊ शकतं. लेझर बरंच जवळ राहतं. त्याच पात्याने दोन्ही डोळे केले तर दुसऱ्या डोळ्याचं झाकण बहुतेकदा थोडं पातळ येतं. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या जॉबवर धार जाते! कॉर्निया फार उभट असेल तर पात्याने मध्येच भोक पडू शकतं, फार सपाट असेल तर बिजागरीच राहत नाही आणि झाकण पूर्ण सुटून हातात येतं. क्वचितच होतं, पण होतं.

मग लेझरच चांगलं, असं मी म्हणणार होते. डॉक्टरांनी थांबवलं. लेझरचे स्वतःचे नखरे आहेत. बुडबुड्यांचा वायू थरात अडकून पांढुरका डाग धरतो आणि पुढच्या लेझरला तो निवळेपर्यंत थांबावं लागतं. काहींना दृष्टी उत्तम येऊनही काही आठवडे उजेड सहन होत नाही. डोळा कोरडा पडणं दोन्हींकडे आहेच, कारण झाकण कशानेही कापा, कॉर्नियातल्या बारीक नसा तुटतात. “आणि सहा महिन्यांनी दोघांना तक्त्यासमोर बसवलं,” ते म्हणाले, “तर कोणाचं पात्याने झालंय आणि कोणाचं लेझरने, हे वाचनावरून मला सांगता येणार नाही.”

भावोजींना हे आवडलं नाही. चाळीस हजारांचा निर्णय असा हवेत लटकलेला कोणालाच आवडत नाही.

तपासणी झाली. त्याआधी आठवडाभर भाचीने अधूनमधून घालायच्या कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवल्या होत्या, कारण लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता दबतो आणि मोजमाप खोटं येतं. हनुवटी टेकवा, निळ्या उजेडात बघा, पापणी हलवू नका. पडद्यावर कॉर्नियाचा नकाशा उमटला, टेकड्यांच्या नकाशासारखा, हिरवा-पिवळा. “डोळे चोळतेस का?” डॉक्टरांनी तिला दोनदा विचारलं. डोळे चोळणाऱ्यांत कॉर्निया सैल होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार जास्त दिसतो. तो असेल तर लॅसिक नाहीच, कशानेही. “कबड्डी, बॉक्सिंग?” नाही, सायकल. झाकण कधीच पूर्वीइतकं घट्ट चिकटत नाही, जोरात मार लागला तर वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणं आहेत, म्हणून विचारतात. असे खेळ असतील तर झाकण न करता वरची साल काढूनच लेझर मारतात. तीन-चार दिवस डोळे चांगले झोंबतात, पण झाकणाची भानगड नाही.

मग आमचे आकडे आले. मी डॉक्टरांकडून कागद आणि पेन मागून घेतलं.

भाची: जाडी ५५२. एका नंबराला ढोबळ चौदा मायक्रॉन धरले तर सव्वातीनला पंचेचाळीस. एकशेदहाचं झाकण. खाली उरतात ३९७. पात्याने झाकण एकशेसाठ आलं तरी ३४७. खाली किमान २५० राहिले पाहिजेत, पुष्कळ डॉक्टर ३०० म्हणतात. म्हणजे हिला काहीही चालेल. ड्रॉइंगवर टॉलरन्स सैल असेल तर आम्ही महागडी ग्राइंडिंग करत नाही, टर्निंगवरच सोडतो. मी तसं बोलूनही दाखवलं.

मी: जाडी ४९६. साडेसातला एकशेपाच. पात्याचं झाकण एकशेपन्नास आलं तर खाली २४१. रिजेक्ट. लेझरचं एकशेदहा धरलं तर २८१. काठावर. माझा जीव थोडा वर आला. इथे चाळीस हजारांना अर्थ होता! ज्याची जाडी कमी आणि नंबर मोठा, त्यालाच ते वीस-तीस मायक्रॉन महाग. मी डॉक्टरांकडे बघितलं.

त्यांनी माझ्याच कागदावर आणखी एक ओळ लिहिली. झाकण अधिक घासलेलं, भागिले एकूण जाडी. २१५ भागिले ४९६. त्रेचाळीस टक्के. “चाळीसच्या वर गेलं की मी करत नाही,” ते म्हणाले. “पुढे कॉर्निया फुगण्याचा धोका वाढतो. तुम्हाला आतमध्ये, बाहुलीच्या मागे लेन्स बसवता येईल. पण तुम्ही अडतीसच्या. दोन-चार वर्षांत चाळीशी लागणारच.”

मराठीत चष्म्यालाच चाळीशी म्हणतात, यावर मी एरवी हसते. लांबचा चष्मा घालवायला एवढा खर्च करायचा आणि भाजी निवडायला दुसरा चष्मा शोधायचा. सोळा वर्षं मी लोकांचे जॉब पाच मायक्रॉनसाठी परत पाठवत आले, त्या दिवशी मी परत गेले. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, त्या नोटेशेजारीच.

बाहेर पडलो तेव्हा दोघींच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब होते. कॉलेज रोडवर दुपारचं ऊन नुसतं अंगावर आलं. मिसळीच्या दुकानात भाचीला समोरचं मेनूकार्ड वाचता येईना, मला सुट्टे पैसे मोजता येईनात. वेटरने आमच्या तळहातावरून स्वतःच नाणी उचलली. “मावशी, तुझं होणार नाही म्हणून मीही नको करू का?” तिने विचारलं. मी म्हटलं, रस्सा निवतोय, खा.

घरी मी पात्याची बाजू घेतली. कागद दाखवला, आकडे दाखवले, तिला पात्याने काहीच वाईट होणार नाही हे पटवलं. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पटलं. पण ती टेबलावर असताना मी बाहेर बसणार आहे. मला ते पातं दिसत राहील.” ब्लेडलेस ठरलं. तेव्हा मी चिडले होते. आता वाटतं, त्या चाळीसातले तीस तरी त्यांच्या त्या बाहेरच्या अर्ध्या तासाचे होते, आणि ते त्यांचे होते, त्यांनी कशावरही घालावेत.

फेब्रुवारीत झालं. बाहेरच्या पडद्यावर नातेवाइकांना बघता येत होतं. ताई आणि भावोजी मान खाली घालून बसले, मी बघितलं. पडदाभर एकच डोळा. काचेचा शंकू खाली आला, डोळ्यावर टेकला. मग एका कडेकडून पांढरं धुकं ओळीओळीने सरकत गेलं, सकाळी द्राक्षाच्या घडावरची भुकटी असते तसं, आणि गोल पुरा झाला. वीस सेकंदही नसतील. पलंग फिरवून दुसऱ्या मशिनखाली गेला. डॉक्टरांनी कडेतून बारीक सळई घातली आणि पलीकडे नेली. झाकण उलटलं. ओल्या कांद्याचा पापुद्रा सुटावा तसं, सहज. मग टक-टक-टक-टक. पंधराएक सेकंद. पाणी सोडलं, झाकण तरंगत परत आलं, आणि डॉक्टर ओल्या ब्रशने त्यावरून इतक्या हळू हात फिरवत होते की माझा हात आपोआप मांडीवर तसाच फिरायला लागला. सुरकुती राहता कामा नये. तो ब्रश पॅकेजच्या कार्डावर कुठेच लिहिलेला नव्हता.

“जळक्या केसांचा वास आला गं,” बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गच्चीवरून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीचं नाव वाचलं. मग आठवडाभर दिसेल ते वाचत सुटली होती, दुकानांच्या पाट्या, एसटीच्या पाट्या, कुणाच्या टी-शर्टवरची अक्षरं. थेंब दिवसातून किती वेळा ते फ्रिजवर लिहिलेलं. महिनाभर डोळ्यात पाणी नाही, रंग तर नाहीच.

आणि महिना भरायच्या आतच रंगपंचमी आली. तिवंध्यात आम्ही चुलतभावाच्या घरी पहिल्या मजल्यावर जमलो. खाली रहाड उघडलेली, गर्दी खच्चून, आणि एकेक जण हात पसरून धप्पा मारतोय. भाची काळा गॉगल लावून कठड्याला टेकून उभी. वरून तिला सगळं दिसत होतं, कोण कुठे उभं आहे, कोणी कोणाला ढकललं, ती नावं घेऊन सांगत होती.

मी खाली जायला निघाले. ती माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आली.

“मावशी, चष्मा दे.”

मी काढून तिच्या हातात दिला. तिने तो तळहातावर तोलून बघितला. “किती जड आहे गं हा.”

पाणी गार होतं. वर आले तेव्हा सगळीकडे नुसतं पिवळं, आणि वर कठड्याला माणसांच्या चार-पाच पुसट आकृत्या. त्यातली ती कोणती, हे तिने हाक मारली तेव्हा कळलं.